एकशे सतरा घोडे, आठ ढेपा

"एकशे सतरा," रणधीर बॉनेटवर हात ठेवून म्हणाला. "एकशे सतरा हॉर्सपॉवर. आमच्या आबांच्या जीपला किती, माहितीये का कुणाला?"

कुणाला माहीत नव्हतं. वाघजाई फाट्यावर आम्ही अकरा ड्रायव्हर. सगळे वडापवाले, म्हणजे जीपमध्ये माणसं कोंबायची, घाट चढून वरच्या वाडीला सोडायची आणि वरची खाली आणायची. सकाळपासून चार-चार फेऱ्या झालेल्या, पिंढऱ्या भरून आलेल्या, जेवणाची वेळ टळून गेलेली. घोडे मोजायची ताकद कुणात नव्हती. पण गप्प बसणं माझ्या नशिबात नाही, म्हणून मी विचारलं, एवढ्या घोड्यांची लीद पुण्यात टाकतोस कुठं?

फाटा हसला. रणधीर हसला नाही.

"त्रेसष्ट," माझ्याकडं वळून त्यानंच उत्तर दिलं. "निम्म्यापेक्षा थोडी जास्त. जालूदादा, तीस वर्षं झाली त्यांना या घाटात. आता बास करा म्हणतोय मी. पुण्याला चला, दोन खोल्या रिकाम्या आहेत. तर ऐकत नाहीत."

रणधीर म्हणजे हिंदुराव आबांचा एकुलता मुलगा, पुण्यात कंपनीत. आणि हिंदुराव आबा म्हणजे आमच्या फाट्याचा पहिला नंबर. सकाळची पहिली गाडी त्यांची. वरच्या वाडीतली निम्मी पोरं त्यांच्या जीपमधून खाली दवाखान्यात येऊन जन्मली होती आणि एक तर दवाखान्याची वाट न बघता पाचव्या वळणावरच जन्मलं होतं. मला गाडी शिकवली ती आबांनीच. त्यांची जीप घाटात दिसणार नाही, असा दिवस मी डोळ्यांपुढं आणूच शकत नव्हतो. आणि हा पोरगा नवीकोरी पांढरी गाडी घेऊन त्यांच्या जीपची किल्ली मागायला आला होता.

आबा टपरीच्या बाकावर बसून बशीतला चहा फुंकत होते. बशी खाली ठेवून ते म्हणाले, "घाटाला इचारू."

सगळ्यांच्या माना वर झाल्या.

आमच्या फाट्याची एक रीत होती. नंबरावरून, वाटेवरून, कशावरूनही दोघांचं जुंपलं आणि मिटेना झालं, की घाटाला विचारायचं. पायथ्याला दोन्ही गाड्या उभ्या करायच्या, एक पुढं, एक दहा पावलं मागं. वरचा रस्ता थांबवायचा. दोन्ही गाड्यांत फाट्यानं नेमलेले साक्षीदार बसवायचे आणि उभ्या जागेवरून सुटायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वळणाच्या मध्ये रस्ता ऐसपैस आहे. तिथं मागच्यानं हॉर्न द्यायचा आणि पुढच्याला मागं टाकायचं. जमलं तर तो जिंकला, तिसरं वळण तसंच आलं तर पुढचा जिंकला. एकदा घाटानं सांगितलं की विषय संपला. त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही, टोमणा मारायचा नाही, का असं विचारायचं नाही.

"त्यानं मला मागं टाकलं तर किल्ली त्येच्या हातात," आबा म्हणाले. "न्हाय टाकलं तर पुन्हा हा इषय काढायचा न्हाय." मग बशी पुन्हा उचलून म्हणाले, "आणि माझी गाडी भरलेली असंल. त्याची रिकामी असली तरी चालंल."

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. म्हातारा चौसष्ट वर्षांचा, आणि वर सवलत देतोय.

उद्या सकाळी अकराची वेळ ठरली. साक्षीदार ठरवायचं काम माझ्याकडं आलं. फाट्यावरची असली कामं माझ्याकडंच येतात, कारण बाकीच्यांना काम नको असतं आणि मला कुणाची तरी जिरवायला निमित्त हवं असतं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली नसते. ते एकशे सतरा घोडे खरे असतात, खोटं नाही. पण ते सहा हजार आरपीएमला जागे होतात. म्हणजे इंजिन किंचाळायला लागल्यावर. त्याच्याखाली ते झोपलेले असतात. उभ्या चढाला, उभ्या जागेवरून, हजार-दीड हजारावर गाडी उचलायची असते तेव्हा जे जागे असतील तेवढेच तुमचे. आबांच्या जीपला डिझेलचं अडीच लिटरचं धूड. घोडे त्रेसष्टच, पण सगळे पहिल्यापासून खांदा देणारे. त्यात पुण्याच्या माणसाला सवय कसली, तर पहिला गिअर टाकला की लगेच दुसरा, दुसरा टाकला की तिसरा, पेट्रोल वाचवत. इंजिन ओरडलं की त्यांना वाटतं काहीतरी मोडलं.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे वजन. घोडे किती, हे सगळे विचारतात. ओढायचं काय आहे, हे कुणी विचारत नाही.

मी तीन साक्षीदार नेमले. पहिला बापू पैलवान. त्यांनी कुस्ती सोडली होती, खुराक सोडला नव्हता. दुसरा खानावळवाला, तिसरा साखर कारखान्याच्या काट्यावरचा कारकून. तिघं मागच्या सीटवर बसले तेव्हा मधल्याचा एक हात आत मावेना, तो त्यानं पैलवानाच्या मानेमागून खिडकीबाहेर काढला. आबांच्या जीपमध्ये फाट्यावरची सगळी फाटक्या अंगाची माणसं बसवली, वाऱ्यानं उडतील अशी आठ. गाडी भरलेली हवी म्हणाले होते, भरली. पुढं डाव्या बाजूला मी.

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी नव्हे. रणधीरच्या आईनं पुण्याच्या शेजाऱ्यांना द्यायला गुऱ्हाळावरून गुळाच्या दोन ढेपा आणून ठेवल्या होत्या, तीस-तीस किलोच्या. त्या डिकीत ठेवायला काकींनी मलाच सांगितलं. मी ठेवल्या. आणि गुऱ्हाळावरून आणखी सहा आणून त्याही ठेवल्या, वर घोंगडं टाकलं. गाडीचं बूड एवढं खाली बसलं की नाक आभाळाकडं झालं. रणधीरनं विचारलं तर म्हणलं, पैलवान बसल्यावर असंच होतं.

अकरा वाजता शिट्टी झाली.

आबांनी पहिला टाकला, क्लच सोडला आणि जीप नेहमीसारखी निघाली, घाई नाही, गडबड नाही. मी मागं वळून बघत होतो. पांढऱ्या गाडीनं उडी घेतली, दहा पावलांत आमच्या मागं आली, आणि मग रणधीरनं सवयीनं दुसरा टाकला. गाडी खोकली. एसी चालू, आत तीन हत्ती. ती थरथरली आणि बंद पडली.

जीपमधली आठही माणसं उड्या मारायला लागली. मी तर खिडकीतून अर्धा बाहेर. रणधीरनं गाडी चालू केली, पुन्हा पहिला, पुन्हा क्लचचा जळका वास, पुन्हा चार पावलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की आपली जीप चालत नाहीये. म्हणजे चालत होती, पण बैलगाडीसारखी. आबांनी पाय वर घेतला होता. आरशात बघत होते.

"आबा, दाबा की."

"येऊ दे त्याला."

"दुसरं वळण आलं आबा."

"येऊ दे म्हणलं ना."

दुसरं वळण संपलं, ऐसपैस रस्ता लागला. आबांनी जीप डावीकडं घेतली आणि उजवा हात खिडकीबाहेर काढला. साइड दिली. जा पुढं, जा पुढं, असा हात हलवत राहिले. आणि मागं कोण होतं? कुणीच नव्हतं. पांढरी गाडी अजून दुसऱ्या वळणाच्या खडीवर होती. पुढची चाकं जागच्या जागी फिरत होती, कारण सगळं वजन मागं, पुढं पकडायला काही नाही. रिकाम्या रस्त्याला आबा साइड देत होते. जीपमध्ये माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ओरडून सांगितलं, रणधीरराव, या, रस्ता मोकळा आहे.

तिसरं वळण आलं. आबांनी हात आत घेतला.

पांढरी गाडी कधीच आली नाही. मागाहून बापू पैलवानांनी सांगितलं, "मी ढकलायला उतरलो तर गाडी हलली. म्हणून परत बसलो. साक्षीदारानं गाडी सोडायची नसते."

आम्ही परत खाली उतरलो तेव्हा रणधीर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसाच बसला होता. मला वाटलं, लाजला. आबा जीपमधून उतरले, त्याच्या खिडकीशी गेले, खांद्यावर हात ठेवला. काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मग डिकीपाशी आले, घोंगड्यावर हात फिरवला, घोंगडं न उचलता माझ्याकडं बघितलं आणि टपरीकडं चालत गेले. त्या दिवशी सगळ्यांचा चहा माझ्याकडून होता. आबांनी घेतला नाही. दमलोय म्हणाले.

रीत गुंडाळून ठेवून पुढं वर्षभर मी ती गोष्ट सांगितली. फाट्यावर, लग्नात, मयतीला गेलो तर लाकडं पेटेपर्यंत. हात काढून साइड देण्याची नक्कल तर मी अशी करायचो की लोकं मुद्दाम करायला लावायची. आबा समोर असले की उठून जायचे. मी म्हणायचो, म्हातारा लाजाळू आहे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. सकाळची पहिली फेरी करून आबा रिकामी जीप घेऊन खाली उतरत होते, मागं माझी. धुकं होतं, पण विरळ, दिसत होतं सगळं. पाचव्या वळणावर दूधवाला मोटरसायकलवर वर येत होता, त्याच्या बाजूनं, नीट. आबांची जीप त्याच्या अंगावर गेली. ब्रेक नाही, हॉर्न नाही. जणू तो तिथं नव्हताच. दूधवाल्यानं गाडी गटारात घातली म्हणून वाचला. दोन किटल्या रस्त्याभर सांडल्या.

आबा उतरले. किटल्या उचलून दिल्या, दूधवाल्याच्या हातापायांवरून हात फिरवून काही लागलं नाही ना बघितलं, आणि कठड्यावर येऊन बसले. दूधवाला गेला. मी शेजारी बसलो. खाली फाटा दिसत होता, काडेपेट्यांएवढ्या गाड्या.

"किती ढेपा घातल्या हुत्यास?" आबांनी विचारलं.

"कसल्या?"

"रणधीरच्या गाडीत."

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "आठ."

"मी सा धरल्या हुत्या."

मी हसायला बघितलं. त्यांचा चेहरा बघून राहू दिलं.

"मी हात काढला हुता, जाल्या. तुला दिसला न्हाय?"

"दिसला, आबा. मला वाटलं तुम्ही त्याची..."

"तुला वाटलं."

मग त्यांनी सांगितलं. कऱ्हाडच्या डॉक्टरनं दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं, काचबिंदू. डाव्या बाजूनं सुरू झालं होतं, आता दोन्हीकडून जवळ येत होतं. समोरचं दिसायचं, कडेचं जायचं. गेलेलं परत येत नाही. त्यांनी काकींना सांगितलं, रणधीरला सांगितलं. रणधीरला फाट्यावर येऊन किल्ली मागायला लावलं ते त्यांनीच. घाटाला विचारू हे त्यांनीच ठरवलेलं. माझी भरलेली आणि तुझी रिकामी, हे सुद्धा. त्रेसष्ट घोडे भरलेल्या गाडीला, एकशे सतरा घोडे रिकाम्या गाडीला. यात हरायला काय लागतं, असं त्यांना वाटलं होतं. फक्त साक्षीदार कोण ठरवणार, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग नुसतं सोडायचं की आबा. कोण काय म्हणलं असतं?"

"काय सांगून सोडायचं? दिसत न्हाय म्हणून?" ते खालच्या फाट्याकडं बघत होते. "वरची वाडी तीस वर्षं माझ्या गाडीत डोळे मिटून झोपलीय. बाळंतिणी झोपल्यात. आता जाऊन सांगू, की बाबांनो, गेलं वर्ष-दीड वर्ष मला कडेचं दिसत नव्हतं? त्येंची पुन्हा कुणाच्या गाडीत झोप लागायची न्हाय. घाटानं सांगितलं असतं तर कुणी इचारलं नसतं."

मला दूधवाल्याच्या किटल्या दिसत होत्या. मधल्या वर्षातल्या सगळ्या फेऱ्या दिसत होत्या, ज्या मी जिंकून आणल्या होत्या.

"दमलो जाल्या," ते म्हणाले. "लई दमलो."

ती जीप मी खाली आणली, माझी तिथंच लावून. आणि फाट्यावर सांगितलं की आबांचा क्लच गेलाय. कुणाला शंका नको म्हणून खरंच गिअरबॉक्स उतरवला आणि आठ दिवस फडक्यावर मांडून ठेवला. येणारा-जाणारा विचारायचा, झालं का रं? मी म्हणायचो, पार्ट येतोय. कुठून येतोय विचारलं तर रोज वेगळं गाव सांगायचो. रणधीरला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जालूदादा, या वेळी डिकीला कुलूप लावून येतो."

त्याला म्हणलं, कुलूप राहू दे, फक्त एक कर. पहिला टाकायचा आणि सोडायचा नाही. इंजिन रडू दे, किंचाळू दे, बोंबलू दे. सहा हजारावर गेल्याशिवाय गिअरला हात लावायचा नाही. घोडे वरच्या मजल्यावर राहतात, तिथवर जाऊन उठवावं लागतं.

फाट्याला पटवणं माझं काम. मी टपरीवर बोललो, रणधीर म्हणतोय मागल्या वेळी माझ्यावर अन्याय झाला, पैलवान बसवला. फाटा पेटला. एका विषयावर घाटाला दुसऱ्यांदा विचारायची रीत नव्हती, पण अन्याय म्हणल्यावर पुन्हा होऊन जाऊ दे म्हणाले. साक्षीदार मीच ठरवले. रणधीरच्या गाडीत एकच, वाळलेला कंपाउंडर. आबांच्या जीपमध्येही एकच, मी. डाव्या बाजूला. कारण डावी बाजू मी बघणार होतो.

आणि मागच्या सीटांखाली चौदा ढेपा. वर ताडपत्री.

भाऊबीजेच्या सकाळी अकरा वाजता शिट्टी झाली. आबांनी क्लच सोडला आणि जीप उठायच्या ऐवजी उसासा टाकून खाली बसली. तीस वर्षांत त्यांना त्या गाडीतल्या माणसांची संख्या न बघता कळायची. त्यांनी माझ्याकडं मान वळवली. पूर्ण वळवली, कारण त्याशिवाय मी दिसत नव्हतो.

"जाल्या, गाडी जड लागतीया."

"दिवाळीचा फराळ आबा. सगळ्यांचाच झालाय."

ते हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

"पहिलं वळण डाव्याला," मी हळूच म्हणलं.

"ठावं हाय."

मागं रणधीरची गाडी किंचाळत होती. असलं किंचाळत होती की फाट्यावरची कुत्री पळाली. पहिला सोडला नव्हता पठ्ठ्यानं. दुसऱ्या वळणाला तिचं पांढरं नाक आरशात आलं. ऐसपैस रस्ता लागला. आबांनी जीप डावीकडं घेतली, मी म्हणलं, बास, कठडा आला. त्यांनी उजवा हात बाहेर काढला.

हॉर्न वाजला. पांढरी गाडी आमच्या शेजारून सणसणत वर गेली, तिच्या खिडकीत रणधीर सरळ समोर बघत होता. एकदाही आमच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर गाडी चालवता आली नसती, असं त्यानं मला पुढं सांगितलं.

गाडी गेली, धूळ बसली. आबांचा हात बाहेरच होता. जा पुढं, जा पुढं. तिसऱ्या वळणापर्यंत तो तसाच हलत राहिला. मी डावीकडचा कठडा बघत राहिलो.

खाली आल्यावर आबांनी जीपची किल्ली रणधीरच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकशे सतराच हायेत बाबा. घाटानं सांगितलं." वरच्या वाडीचे लोक आले होते. ते म्हणाले, गाडीच तसली आहे, माणूस काय करणार. कुणी एक शब्द जास्त विचारला नाही. दुपारी मी चौदा ढेपा एकटा उतरवल्या. कंबर त्या दिवसापासून धरली आहे, ती अजून सुटली नाही.

ती गोष्ट मी पुन्हा कधी कुणाला सांगितली नाही. हात काढायची नक्कल करून दाखव म्हणायचे लोकं. मी म्हणायचो, खांदा दुखतोय.

याला तेरा वर्षं झाली. आबा पुण्यात तीन वर्षांपूर्वी गेले, शेवटी काहीच दिसत नव्हतं, पण रिक्षातून गेलं तरी ड्रायव्हरनं गिअर कधी टाकायला हवा होता ते सांगायचे. फाट्यावरचा पहिला नंबर आता माझा आहे. बावन्न वर्षांचा आहे मी. डावा गुडघा क्लच दाबताना कळ काढतो, चौथ्या फेरीनंतर उजव्या हातानं पाय उचलून पेडलवर ठेवावा लागतो. हे बायकोला माहीत आहे आणि आता तुम्हाला.

परवा माझ्या पोरीचा, तेजलचा फोन आला. बॅटरीवरची गाडी घेतलीय म्हणाली, पुढच्या महिन्यात घेऊन येते. मी विचारलं, घोडे किती? तर म्हणाली, बाबा, घोडे सोडा, ही उभ्या जागेवरूनच सगळी ताकद लावते, गिअर नाही, किंचाळणं नाही. चार माणसं आणि सामान भरून चढावर लावा, कळतसुद्धा नाही.

म्हणजे हिच्यात ढेपा भरूनही काही उपयोग नाही. साक्षीदार कुणीही ठरवू दे.

काल शेवटची फेरी करून रिकामी जीप घेऊन एकटाच उगाच वर निघालो होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वळणाच्या मध्ये रस्ता ऐसपैस आहे. मागं कुणी नव्हतं. मी गाडी डावीकडं घेतली आणि उजवा हात खिडकीबाहेर काढून बघितला.

खांदा दुखला नाही.